संस्थेचे संगणकावरील दप्तर : तीस वर्षांनी त्याचा अस्सलपणा कशावरून पटेल?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात काम करते. आमचे कागदावरचे दप्तर नीट लावलेले आहे. आवक-जावक बारनिशी, सभांची प्रोसिडिंग बुके, सेवापुस्तके असे सारे गठ्ठे वर्गवारीने बांधलेले असून मागितलेला कागद सहसा सापडतो. अडचण संगणकावर तयार झालेल्या कागदपत्रांची आहे. 1997 पासूनची सभांची इतिवृत्ते श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली आहेत, काही परिपत्रके पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, 2005 नंतरचा बराचसा पत्रव्यवहार ईमेलने झाला आहे आणि अलीकडची मान्यतापत्रे तर डिजिटल स्वाक्षरीच्या पीडीएफच्या रूपातच येतात, त्यांची कागदी प्रत कधी निघालेलीच नाही.

व्यवस्थापक मंडळाने आता डिजिटल अभिलेखागार उभारायचे ठरवले आहे. काम घेऊ इच्छिणाऱ्या ठेकेदाराचे म्हणणे असे की, सर्व फाइलींच्या पीडीएफ करून त्या शोधता येतील अशा रीतीने सर्व्हरवर चढवायच्या आणि जुने संगणक भंगारात काढायचे. मला हे पटत नाही, परंतु का पटत नाही हे मंडळापुढे नेमक्या शब्दांत मांडता येत नाही. परवा 2003 मधील एक पत्र उघडले, तर त्याच्या वरच्या कोपऱ्यात 2003 ची नव्हे, तर परवाचीच तारीख दिसली. इतिवृत्तांच्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची गर्दी दिसते. मान्यतापत्रावरील स्वाक्षरीपाशी प्रश्नचिन्ह येते. अशा फाइलींच्या पीडीएफ करून ठेवल्या, तर आणखी तीस वर्षांनी हेच ते मूळ पत्र असे कोणाला कशाच्या आधारावर सांगता येईल?

दप्तरखाना

आपली शंका रास्त आहे आणि ती मंडळापुढे अवश्य मांडावी. मी अभिलेखागारात काम करतो, त्यामुळे सुरुवात थोडी मुळापासून करतो.

जुन्या मराठी पत्राचा अस्सलपणा ठरवताना अभ्यासक केवळ मजकूर वाचून थांबत नाहीत. मायना त्या काळाच्या रिवाजाला धरून आहे का, माथ्यावरचा शिक्का कोणाचा, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब योग्य जागी उमटले आहे का, हे सारे पाहिले जाते. मजकूर जिथे संपला तिथेच मोर्तब उमटत असल्यामुळे पुढे कोणाला एखादी ओळ घुसडता येत नसे. युरोपात अशा परीक्षेचे शास्त्र जाँ माबियों या फ्रेंच धर्मोपासकाने 1681 मध्ये मांडले. या सगळ्या परीक्षेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मजकूर आणि ज्यावर तो लिहिला आहे ती वस्तू यांची फारकत होत नाही. संगणकावर नेमकी हीच फारकत झालेली असते.

यावर सर्वांत पायाभूत काम कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लुचियाना दुरांती यांच्या नेतृत्वाखाली 1999 मध्ये सुरू झालेल्या इंटरपारेस या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने केले. त्यांचा एक निष्कर्ष मंडळाला जरूर सांगा. इलेक्ट्रॉनिक अभिलेख हा वस्तू म्हणून जपून ठेवता येतच नाही; तो पुन्हा जसाच्या तसा उभा करण्याची क्षमता तेवढी जपता येते. आपण फाइल उघडतो तेव्हा साठवलेले अंक, सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि त्या यंत्रावरची मांडणी यांतून ते पत्र दर वेळी नव्याने तयार होत असते.

2003 च्या पत्राचे उदाहरण याहून बोलके काय असणार! त्या पत्रात तारीख टंकलेली नसून आपोआप बदलणारी तारीख घातलेली आहे. फाइलमधील एकही अंक कोणी बदललेला नाही, तरीही पडद्यावरचे पत्र खोटे बोलते आहे. ठेकेदाराने अशा पत्राची पीडीएफ केली की, ज्या दिवशी पीडीएफ झाली ती तारीख त्यावर कायमची बसेल आणि पुढे ती चुकीची आहे असे कोणाच्या लक्षातही येणार नाही. अशा पत्रांसाठी आपली जावक बारनिशी हाच खरा साक्षीदार आहे. जावक क्रमांकावरून मूळ तारीख शोधून ती पत्राच्या नोंदीत वेगळी लिहावी आणि पडद्यावरील तारीख आपोआप आलेली आहे असे तिथेच स्पष्ट नमूद करावे.

अस्सलपणाचे दोन भाग पडतात. पहिला ओळखीचा : हे कोणी, कोणाला, कोणत्या कामासाठी, केव्हा लिहिले आणि त्याच प्रकरणातील इतर कोणत्या कागदांशी त्याचे नाते आहे. दुसरा अखंडतेचा : त्यात मध्ये काही घातले, काढले वा बिघडले आहे का. ठेकेदाराच्या योजनेत पहिल्या भागाचा विचारच दिसत नाही. फाइली एका मोठ्या साठ्यात ओतून शब्दांवरून शोधायच्या म्हटल्या की, अर्ज, त्यावरचा शेरा, मंजुरी आणि कळवलेला निर्णय हे चार कागद एकाच प्रकरणाचे आहेत हे ज्ञान हरवते. ईमेलच्या बाबतीत तर हे नाते ईमेलमध्येच लिहिलेले असते. प्रत्येक ईमेलच्या शीर्षभागात त्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक, तो ज्या ईमेलचे उत्तर आहे त्याचा क्रमांक, पाठवल्याची वेळ आणि तो कोणकोणत्या सर्व्हरवरून आला याची नोंद असते. ईमेल छापून काढला किंवा त्याची साधी पीडीएफ केली, तर यातले जवळजवळ सारे गळून पडते. म्हणून ईमेल शीर्षभागासकट साठवणाऱ्या ईएमएल किंवा एमबॉक्स या फाइल-स्वरूपात, जोडपत्रांसह उतरवून घ्यावेत.

आणखी एक काम आजच करता येईल, त्याला पैसाही लागत नाही. कोणत्या संगणकावरून, कोणत्या फोल्डरमधून, कोणी, कोणत्या दिवशी फाइली उतरवून घेतल्या आणि त्या कोणाच्या ताब्यात दिल्या याची एक वही सुरू करा. पुढे स्वरूप बदलाल तेव्हा ते कोणत्या सॉफ्टवेअरने बदलले, मूळ आणि नवी प्रत यांत कोणता फरक पडला, काय नीट उतरले नाही, हेही तिथेच लिहा. ताब्याची ही साखळी कुठेही तुटलेली नाही असे दाखवता आले, तर तीस वर्षांनी येणाऱ्या माणसाला विश्वास ठेवायला आधार मिळतो. हे लिहून होईपर्यंत जुने संगणक भंगारात जाता कामा नयेत.

उत्तररात्र

वरील विवेचनात तांत्रिक बाजूची भर घालतो. फाइली उतरवून घेताच प्रत्येक फाइलचा हॅश काढावा. फाइलच्या सर्व अंकांवरून गणिताने काढलेली ही एक ठरावीक लांबीची खूण असते आणि फाइलमध्ये एका स्वल्पविरामाचा फरक झाला तरी ती पूर्णपणे बदलते. त्यासाठी एसएचए-256 ही हॅश काढण्याची पद्धत वापरावी. जुनी एसएचए-1 पद्धत आता टाळावी, कारण ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांच्या संशोधकांनी 2017 मध्ये एकच एसएचए-1 हॅश असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या आहेत.

लहान संस्थेसाठी बॅगइट ही मांडणी सोयीची आहे. एका फोल्डरात मूळ फाइली राहतात आणि शेजारी साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये प्रत्येक फाइलचा मार्ग आणि तिचा हॅश एकेका ओळीत लिहिलेला असतो. ही यादी कोणत्याही संगणकावर, कोणत्याही विशेष सॉफ्टवेअरशिवाय वाचता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. फाइल नेमक्या कोणत्या स्वरूपाची आणि कोणत्या आवृत्तीची आहे हे ओळखण्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ड्रॉइड हे मोफत साधन आहे. नावापुढील तीन अक्षरांवर विसंबून राहू नये, विशेषतः नव्वदच्या दशकातील फाइलींच्या बाबतीत. पुढे ठरावीक काळाने हॅश पुन्हा काढून यादीशी ताडून पाहायचे आणि निदान एक प्रत दुसऱ्या गावी ठेवायची. कृष्णेच्या पुराचा अनुभव असलेल्यांना याचे कारण सांगण्याची गरज नाही.

मात्र हॅशकडून भलती अपेक्षा ठेवू नये. आज काढलेला हॅश आजपासूनची साक्ष देतो. 1997 पासून आजपर्यंत त्या फाइलला कोणी हात लावला होता का, याबद्दल तो काहीही सांगू शकत नाही. तिथे दप्तरखाना यांनी सांगितलेली वही, बारनिशी आणि माणसांची साक्ष हीच कामी येते.

आता स्वाक्षरीपाशी दिसणाऱ्या प्रश्नचिन्हाबद्दल. त्याचा अर्थ स्वाक्षरी खोटी आहे असा होत नाही. आपल्या देशातील प्रमाणपत्रांचे मूळ, म्हणजे प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र, आपल्या संगणकावरील वाचक-सॉफ्टवेअरच्या विश्वसनीय यादीत नसेल, तर ते सॉफ्टवेअर स्वाक्षरीची खात्री देता येत नाही असे दाखवते. ते मूळ प्रमाणपत्र यादीत घातले की पडताळणी होते. परंतु स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदत फार तर दोन-तीन वर्षांची असते, आणि मुदत संपल्यावर, प्रमाणपत्र रद्द झाले होते का हे तपासण्याची सोय उपलब्ध राहीलच असे नाही. म्हणून मान्यतापत्र हाती येताच त्याची पडताळणी करावी आणि स्वाक्षरी कोणाची, प्रमाणपत्राचा क्रमांक कोणता, ते कोणी दिले, पडताळणी कोणत्या दिवशी केली आणि निकाल काय आला, हे नोंदवून ठेवावे. स्वाक्षरी असलेली मूळ पीडीएफ जशी आली तशीच राहू द्यावी. तिचे पीडीएफ/ए मध्ये रूपांतर केले की नव्या प्रतीवरची स्वाक्षरी मोडते, मग मजकूर अक्षरशः तोच असला तरी उपयोग नाही. पीडीएफ/ए हे दीर्घकालीन जतनासाठी 2005 मध्ये आयएसओ मानक झालेले चांगले स्वरूप आहे, परंतु स्वाक्षरीच्या फाइलींसाठी ते मूळ प्रतीच्या जोडीला असावे, तिच्या जागी नको.

न्यायकोर्ट

कायद्याच्या बाजूने थोडे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 7 मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अभिलेख ठेवण्याच्या तीन अटी आहेत : माहिती पुढेही पाहता आणि वापरता आली पाहिजे, ती मूळ स्वरूपात, किंवा मूळ माहितीच बिनचूक दाखवते असे सिद्ध करता येईल अशा स्वरूपात असली पाहिजे, आणि ती कोठून निघाली, कोठे पोहोचली, पाठवल्याची वा मिळाल्याची तारीख व वेळ काय, हे ओळखता येईल असे तपशील सोबत असले पाहिजेत. वर ओळख आणि अखंडता असे जे म्हटले आहे, ते या तिसऱ्या आणि दुसऱ्या अटीशी बरेचसे जुळते. ठेकेदाराच्या करारात या तिन्ही अटी शब्दशः घालून घ्याव्यात.

न्यायालयात असा अभिलेख दाखल करायची वेळ आली, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 63 पाहावे लागेल. त्याखाली, ही प्रत मूळ अभिलेखाचीच आहे असे सहीनिशी सांगणारे प्रमाणपत्र द्यावे लागते (हे वरच्या डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राहून वेगळे). त्याचे दोन भाग असून त्यांत हॅश आणि तो काढण्याची पद्धत लिहावी लागते. प्रमाणपत्राचे महत्त्व किती, हे जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 मधील निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात दिसले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की आधी, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला होता. चित्रीकरणाच्या प्रती न्यायालयासमोर होत्या, परंतु वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 च्या निकालात म्हटले की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र या प्रकरणात पक्षकाराने शक्य ते सारे करूनही ते त्याला मिळू शकले नाही, म्हणून त्याला सवलत दिली. निकाल जुन्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय पुरावा अधिनियमाच्या, कलम 65-ब खालील असला तरी आपल्यासारख्या संस्थेला त्यातून समजते ते असे की, प्रतीची जबाबदारी घेऊन सही करू शकेल असा माणूस आणि त्याच्या हाती तशी नोंद आधीपासून असली पाहिजे.

जुना हेडक्लार्क

सर्वांचे मत आदराने वाचले, परंतु मला ही सारी यातायात अनावश्यक वाटते. आमच्या वेळी संगणकावर काहीही टंकले तरी त्याची प्रत काढून, अध्यक्षांची सही घेऊन ती प्रोसिडिंग बुकात चिकटवली जात असे. आजही तेच करावे. चांगला कागद शंभर वर्षे टिकतो, त्याला वीज लागत नाही आणि सही डोळ्यांना दिसते. ज्याच्या छापील प्रती नाहीत त्या आत्ता काढून त्यावर सही-शिक्का करावा, आणि हवे तर त्या कागदांचे स्कॅन सर्व्हरवर ठेवावेत.

दप्तरखाना

साहेब, आपल्या म्हणण्यातील पहिला भाग इतका महत्त्वाचा आहे की, तो मी आधीच लिहायला हवा होता असे वाटते. कृष्णाकाठ, इतिवृत्त छापून, सभेत वाचून, कायम करून आणि अध्यक्षांच्या सहीने बुकात चिकटवले जात असेल, तर अस्सल अभिलेख म्हणजे ते बुक होय, आणि श्रीलिपीतील फाइल त्याचा मसुदा ठरते. प्रत्येक प्रकारच्या कागदपत्रासाठी अधिकृत प्रत कोणती हे ठरवून लिहून ठेवणे, ही इंटरपारेसने सांगितलेल्या मूळ गरजांपैकीच एक आहे. म्हणजे इतिवृत्तांचा भार बराच हलका झाला.

दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या मान्यतापत्राची आज काढलेली छापील प्रत स्वाक्षरीचे केवळ चित्र दाखवते. पडताळणीचा आधार कागदावर उतरत नाही. तसेच 2008 मधील ईमेलच्या आज काढलेल्या प्रतीवर केलेली सही ही आजची सही आहे, 2008 ची नव्हे. हिशेबाच्या एक्सेल फाइलींत तर आकडा कोणत्या सूत्राने आला हेच कागदावर दिसत नाही.

स्कॅनवरही डोळे झाकून विसंबू नये. 2013 मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर बांधकामाचा आराखडा स्कॅन केला असता खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलत होते. मूळ आराखड्यात तीन खोल्यांचे क्षेत्रफळ 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर होते. स्कॅनमध्ये तिन्हींवर 14.13 उमटले. फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र एकसारखे दिसणारे आकडे एकाच चित्राने भागवत होते, त्यामुळे अक्षर अस्पष्ट न दिसता स्वच्छ, ठळक आणि चुकीचे दिसत होते. कंपनीने पुढे त्यावर सुधारणा दिली. तरीही स्कॅनसाठी कोणते संकोचन (फाइल लहान करण्याची पद्धत) वापरले हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे आणि आकड्यांची पाने मूळ कागदाशी ताडून पाहावीत.

आपल्याकडे या विषयावर काम झालेले नाही असे मंडळातील कोणी म्हणाले, तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणन संस्थेच्या पुण्यातील डिजिटल जतन केंद्राचे नाव सांगावे. त्यांच्या प्रणालीवर उभारलेल्या, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागाराला 2017 मध्ये आयएसओ 16363 या, डिजिटल भांडाराची विश्वासार्हता तपासणाऱ्या मानकाचे प्रमाणपत्र मिळाले, आणि असे प्रमाणपत्र मिळवणारे ते जगातील पहिले भांडार होते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्रोसिडिंग बुके आमच्याकडे सहीनिशी आहेत, त्यामुळे तो प्रश्न सुटला. परंतु पेजमेकरमधील परिपत्रकांच्या सर्व छापील प्रती सापडत नाहीत, म्हणजे तिथे फाइल हाच एकमेव पुरावा आहे. ठेकेदार ती युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या समान अक्षरसंकेतात, बदलून देतो म्हणतो. तेवढे पुरेल का?

वेलांटी

नाही, तेवढ्याने भागणार नाही. मी अशा जुन्या फाइलींच्या रूपांतराचेच काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे जुने फॉन्ट वापरलेल्या फाइलींत मराठी अक्षरे मराठी म्हणून साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, आणि एकाच जागी कोणता तुकडा आहे हे फॉन्टप्रमाणे बदलते. पहिली वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार तिथे अक्षराच्या शेवटी असतो, युनिकोडमध्ये तो र् म्हणून आधी यावा लागतो. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर हा क्रम फिरवते, आणि जोडाक्षर मोठे असले की नेमके तिथेच घसरते. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील र्‍य अनेकदा साध्या र्य सारखा होऊन ‘शेतकर्यांना’ असे उमटते. संपूर्ण शब्दात ही चूक वाचणाऱ्याच्या ध्यानात येते, परंतु आडनावात रफार एका अक्षराने सरकला तर वेगळाच माणूस तयार होतो, आणि सेवाज्येष्ठतेच्या परिपत्रकात असे आडनाव बदलणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून एका परिपत्रकाच्या तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात. मूळ पेजमेकर फाइल, हात न लावलेली. ज्या जुन्या संगणकावर तो फॉन्ट आहे त्याच संगणकावर फॉन्ट आत बसवून केलेली पीडीएफ, ज्यावरून परिपत्रक दिसायला कसे होते ते कळेल. आणि युनिकोडमधील मजकूर, जो शोधण्यासाठी आहे, पुरावा म्हणून नाही. तसे त्याच्या नोंदीत लिहावे आणि कोणत्या साधनाने, कोणत्या दिवशी रूपांतर केले व कोणी वाचून तपासले हेही लिहावे. नावे, रकमा आणि तारखा माणसाने वाचल्याशिवाय तो मजकूर कोणाच्या हाती देऊ नये.

जुन्या संगणकाला श्रीलिपीचे हार्डवेअर लॉक, म्हणजे ज्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण, लावलेले असेल, तर ते आधी काढून, पाकिटात घालून, वर संगणकाचा क्रमांक लिहून कपाटात ठेवा. ते हरवले की फाइल आहे, संगणक आहे आणि तरीही सॉफ्टवेअर चालत नाही, अशी अवस्था मी अनेक कार्यालयांत पाहिली आहे.

कृष्णाकाठ

लॉक आहे, आजच बाजूला ठेवते. एक शेवटची शंका. 2001 च्या एका इतिवृत्ताची फाइल आणि सही केलेले बुक ताडून पाहिले, तर ठरावाच्या मजकुरात एका ओळीचा फरक आहे. बुकात ती ओळ आहे, फाइलमध्ये नाही. फाइल बुकाप्रमाणे दुरुस्त करून घ्यावी का?

दप्तरखाना

कृपया करू नये. ठराव म्हणून बुकातील मजकूरच ग्राह्य आहे, त्यामुळे दुरुस्तीने संस्थेला काही मिळणार नाही. उलट फाइल आज दुरुस्त केली, तर 2001 चा मसुदा नाहीसा होईल आणि ती ओळ सभेत चर्चेनंतर घातली गेली असण्याची शक्यता कोणालाही तपासता येणार नाही. फाइल आहे तशी ठेवून तिच्या नोंदीत एवढेच लिहावे : ‘मसुदा, अधिकृत प्रत प्रोसिडिंग बुक, पृष्ठ अमुक, ठराव क्रमांक तमुक, बुकातील एक ओळ या फाइलमध्ये नाही.’ खाली तपासणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि तारीख घालावी, आणि शक्य असल्यास त्या सभेला हजर असलेल्या कोणाला त्या ओळीबद्दल आठवत असेल तर त्यांचे निवेदनही सहीनिशी घेऊन त्याच नोंदीला जोडावे.